कर्मचाऱ्यांचे मौन मोजताना

कामात चूक दिसूनही कर्मचारी अनेकदा बोलत नाहीत. सांगून उपयोग नाही म्हणून, अंगाशी येईल म्हणून, सहकाऱ्याला सांभाळून घ्यायचे म्हणून किंवा आपला फायदा साधायचा म्हणून. नोल आणि व्हॅन डिक या संशोधकांनी २०१३ मध्ये या चारही प्रकारांसाठी प्रश्नावली मांडली.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतरानंतर मूळ न पाहिलेला जाणकार ती उलट मूळ भाषेत आणतो. फरक पडला तर विधान पुन्हा लिहितात. मग मोजक्या कर्मचाऱ्यांना ते वाचून काय समजले, हे विचारतात. ‘वरिष्ठांच्या भीतीने मी गप्प राहतो’ या विधानाला साहेबांच्या केबिनसमोर बसून होकार कोण देणार? म्हणून उत्तरे निनावी घेतात.

पुढे शेकडो उत्तरांवर घटक विश्लेषण होते. भीतीची विधाने एका गटात आणि फायद्याची दुसऱ्या गटात पडली, तर रचना टिकली. विधानांतली सुसंगती क्रॉनबाखच्या अल्फाने पाहतात, ०.७० हा रूढ उंबरठा. मात्र अल्फा चांगला आला, तरी नेमके मौनच मोजले गेले याची खात्री मिळत नाही. त्यासाठी हे गुण इतर मापांशी ताडून पाहतात: जिथे बोलणे सुरक्षित वाटते, तिथे भीतीचे मौन कमी भरायला हवे.