सागराची ओढ आणि नौकाधिकाऱ्याचे शिक्षण
(भाषणाचा मजकूर)



घरातील मुलगा अथवा मुलगी बोटीवर अधिकारी होण्याची गोष्ट काढू लागली की वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "पण समुद्राची आवड आहे का?" प्रश्न वात्सल्याचा खरा, परंतु तो जरा लवकर विचारला जातो. ज्याने भरसमुद्र पाहिलाच नाही त्याने त्याची आवड सांगावी कशी? पुष्कळांच्या ठायी ही ओढ शिक्षण चालू असतानाच जन्मास येते.

कलिवर्ज्यांत समुद्रयात्रा निषिद्ध मानली गेली, तरी गोमंतकाच्या किनाऱ्यावरून गलबते जात-येत राहिली. पुढे आगबोटींवर येथील तारवटी देशोदेशी फिरले. उणीव होती ती अधिकारपदाची. श्रम हिंदी खलाशांचे, हुकूम परक्यांचा, अशी स्थिती होती. १९२७ साली मुंबईस माझगावनजीक 'डफरिन' ही शिक्षणनौका सुरू झाली आणि हिंदी तरुणांस नौकाधिकारी होण्याचा मार्ग रीतसर खुला झाला. तिच्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९७२ मध्ये 'डफरिन'ची जागा 'राजेंद्र'ने घेतली व १९९३ मध्ये ती परंपरा नवी मुंबईतील 'चाणक्य' या किनाऱ्यावरील संस्थेकडे आली.

या शिक्षणाचा आरंभ मोहक नसतो. पदविकेच्या मार्गाने जाणारा कॅडेट एक वर्ष वर्गात शिकतो आणि नंतर अठरा महिने प्रत्यक्ष बोटीवर काढतो. तेथे प्रथम वाट्यास येते ते गंज खरवडणे, रंग लावणे, दोरखंड आवरणे. घरची आठवण आणि बोट लागण्याचा त्रास यांची त्यात भर. या दिवसांत समुद्राविषयी प्रेम वाटले नाही, तर नवल नाही.

पालट होतो तो बहुधा पहाऱ्यावर. मध्यरात्री बारा ते चार. सारी बोट निद्रिस्त. वर केवळ पहाऱ्याचा अधिकारी, टेहळणीचा खलाशी आणि हा शिकाऊ. दूर उजव्या हातास एक दिवा दिसतो. समोरून आडव्या जाणाऱ्या बोटीस उजवीकडे पाहिले, तर वाट आपण द्यावयाची, हा नियम त्याने वर्गात घोकलेला असतो. आज त्याच नियमावर निजलेल्या सहकाऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत, हे त्याला उमगते. पाठांतराचे कर्तव्य होते आणि कर्तव्यातून आपलेपणा उपजतो.

दुसरा क्षण संधिप्रकाशाचा. विवाहप्रसंगी पुरोहित वधूवरांस ध्रुवदर्शन घडवितात. कॅडेट तोच ध्रुव सेक्स्टंटमधून क्षितिजावर उतरवितो. तारा आणि क्षितिज ही दोन्ही स्पष्ट दिसतात ती थोडीच मिनिटे. तेवढ्यात कोन मोजावयाचा. ध्रुवाची उंची म्हणजे स्थूलमानाने त्या स्थळाचा अक्षांश : गोव्यात सुमारे १५ अंश, मुंबईत सुमारे १९. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान क्षणात कळत असतानाही हे गणित शिकविले जाते. आपल्या हाताने काढलेले स्थान नकाशावर बरोबर उतरले, की त्या अथांग पाण्यात प्रथमच आपला ठावठिकाणा गवसल्याचा आनंद होतो.

ओढ लागल्यावर मनुष्य पुन्हा विद्यार्थी होण्यासही कचरत नाही. केरळच्या राधिका मेनन बोटीवर रेडिओ अधिकारी म्हणून दाखल झाल्या. १९९९ पासून नवी संदेशव्यवस्था पूर्णत्वाने लागू झाली आणि बोटीवर त्या पदाची सक्ती उरली नाही. त्यांनी नौकानयनाच्या परीक्षा नव्याने दिल्या व त्या कप्तान झाल्या. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून 'संपूर्ण स्वराज्य' या त्यांच्या बोटीने सात मच्छीमारांस वाचविले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे शौर्यपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

म्हणून महाजन कुटुंबांस एवढीच विनंती. निघताना आवडीची हमी मागू नये आणि वेतनाच्या आकड्यावरही सारे ठरवू नये. महिनोन् महिने घरचा सण, पालखी, आप्तांचे सुखदुःख अंतरणार, याची कल्पना मात्र स्पष्ट द्यावी. पहिली सफर संपवून अपत्य परतले, की शांतपणे विचारावे. डोळ्यांत चमक दिसली तर आशीर्वाद द्यावा. नाही म्हटले तर तितक्याच मायेने घरात घ्यावे, कमीपणा मानू नये. समुद्राने ज्यास आपले म्हटले, तो पुन्हा जाईलच.

इत्यलम्.