तज्ज्ञाचा सल्ला आणि गरिबाचा दिवा
(नभोवाणीवरील भाषण)



जगांत न मागतां मिळणारी आणि फुकट मिळूनही पुष्कळदां महाग पडणारी वस्तु कोणती, असें मला कोणी विचारलें तर "सल्ला" असें मी उत्तर देईन. घरांत कोणी आजारी पडो, मुलीचें लग्न निघो, कीं विहिरीचें पाणी कमी होवो, सल्ला देणारे दाराशीं हजर असतात. त्यांतील बहुतेकांचा सल्ला आपण एका कानानें ऐकतों व दुसऱ्या कानानें सोडून देतों; म्हणूनच संसार सुरळीत चालतात. परंतु सल्ला देणारा जेव्हां खरोखरीच जाणता असतो, आणि ज्याला तो द्यावयाचा तो दीनदुबळा, उलट प्रश्न विचारण्यास भिणारा असतो, तेव्हां प्रकरण इतकें हलकें राहत नाहीं. अशाच एका प्रकाराविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

सूर्य, वारा, वाहतें पाणी, शेणाचा वायु यांपासून मिळणारी व वापरून न संपणारी शक्ति गरीब वस्त्यांपर्यंत नेणाऱ्या धर्मादाय संस्था आज जगांत पुष्कळ आहेत. या शक्तीला हल्लीं नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. अशा संस्थेच्या पाठीशीं बहुधा एक सल्लागार मंडळ असतें. त्यांत अभियंते असतात, अर्थशास्त्रज्ञ असतात, बँकेचे व कायद्याचे जाणकार असतात. आणि त्यांच्यापैकीं अनेक जण एक पैसाही न घेतां काम करतात. आपल्या देणगीचा रुपया खेड्यांतील दिव्यापर्यंत पोंचतो कीं वाटेंतच विझतो, हें पुष्कळ अंशीं या मंडळाच्या शहाणपणावर अवलंबून असतें. मी स्वतः अभियंता नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना शिकविणारा माणूस आहें. पण शिक्षकाचा आणि सल्लागाराचा धंदा मुळांत एकच आहे. दोघांनाही आपलें ज्ञान दुसऱ्याच्या हातीं देऊन बाजूला व्हावयाचें असतें. त्या दृष्टीनेंच मी या विषयाकडे पाहतों.

या प्रकारच्या सल्ल्याची कथा एर्न्स्ट फ्रीड्रिख शूमाखर या अर्थशास्त्रज्ञापासून सांगावयास लागणें सोयीचें. १९११ सालीं जर्मनींतील बॉन येथें जन्मलेला हा गृहस्थ पुढें इंग्लंडांत स्थायिक झाला, आणि १९५० पासून १९७० पर्यंत तेथील राष्ट्रीय कोळसा मंडळाचा आर्थिक सल्लागार होता. कोळशाच्या घरचा पगार घेणारा हाच मनुष्य लोकांना बजावीत असे कीं, कोळसा व तेल हें पृथ्वीचें भांडवल आहे, उत्पन्न नव्हे. आणि भांडवल मोडून खाणाऱ्याचें दिवाळें ठरलेलें आहे. १९५५ सालीं ब्रह्मदेशाच्या सरकारला सल्ला देण्यासाठीं तो रंगूनास गेला. श्रीमंत देशांतील लाखमोलाचीं यंत्रें गरीब देशाच्या खेड्यांत नेऊन बसविल्यानें खेडें सुधारत नाहीं, हा विचार पुढें त्यानें जन्मभर मांडला. एक पौंडाचें जुनें अवजार आणि हजार पौंडांचें नवें यंत्र यांच्या दरम्यान, खेडुताला झेपेल व दुरुस्त करतां येईल असें शंभर पौंडांचें साधन पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. १९६१ च्या जानेवारींत आपल्या पुण्यास एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. सर्वांत गरजू लोकांना मदत कशी करावी, या विषयावर त्यानें तेथें निबंध वाचला होता.

पुढें १९६६ सालीं शूमाखर व त्याचे मित्र यांनीं लंडनमध्यें इंटरमीजिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुप नांवाची संस्था काढली. २००५ पासून ती प्रॅक्टिकल ॲक्शन या नांवानें ओळखली जाते. या संस्थेनें आरंभींच शक्ति, पाणी, शेती, बांधकाम अशा एकेका विषयासाठीं तज्ज्ञांचीं मंडळें नेमलीं. कारखान्यांत व विद्यापीठांत नोकरी करणारे लोक फावल्या वेळांत, विनामूल्य, त्यांत बसत. त्यांना घातलेला प्रश्न मात्र त्यांच्या नेहमींच्या प्रश्नाच्या नेमका उलट होता. एरवीं त्यांना विचारीत, हें यंत्र अधिक मोठें व अधिक वेगवान् कसें होईल? येथें विचारीत, हें लहान, स्वस्त आणि खेड्यांतल्या लोहाराला समजेल असें कसें होईल? विद्वानाला कठीण लिहिणें सोपें जातें आणि सोपें लिहिणें कठीण जातें, हें आपण जाणतांच. तेंच येथेंही होतें.

या रीतीचें एक उदाहरण नेपाळांतील आहे. तेथील डोंगरांत ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लांकडी पाणचक्क्या पिढ्यान् पिढ्या धान्य दळीत आल्या आहेत. बुटवल व काठमांडूजवळील बालाजू येथील कारखान्यांनीं अशा ओढ्यांसाठीं लोखंडी जलचक्रें बनविण्यास आरंभ केला. दिवसा त्यांवर भात सडावें, पीठ दळावें, तेल गाळावें, आणि रात्रीं त्याच चक्राला जनित्र जोडून दिवे लावावे, अशी योजना. आतां अडचण अशी कीं, रात्रीं अर्ध्या गांवानें दिवे मालविले म्हणजे ओझें कमी होऊन चक्र भरधांव फिरूं लागतें, विजेचा दाब वाढतो, आणि जागें असलेल्यांचे दिवे जळून जातात. मोठ्या वीजघरांत पाण्याचा ओघ कमीअधिक करणारें यंत्र असतें. पण तें इतकें महाग कीं, त्यापेक्षां अंधार बरा असें लहान गांवानें म्हणावें. संस्थेच्या सल्लागार अभियंत्यांनीं प्रश्नच फिरविला. पाणी कमी करण्याऐवजीं ओझेंच कायम ठेवलें तर? गांवानें न वापरलेली वीज पाण्यांत बुडविलेल्या तापकांकडे वळविणारें एक लहानसें विजेचें उपकरण पुढें आलें. त्याला लोड कंट्रोलर म्हणतात. चक्र एका वेगानें फिरतें, दिवे शाबूत राहतात, वर पाणी तापतें तें निराळेंच. पुढें हीं उपकरणें नेपाळांतच बनूं लागलीं. शिवाय दिव्याचा खर्च दिवसाच्या दळणानें सोसला, हेंही विसरूं नये. जो दिवा स्वतःच्या तेलाची सोय करतो, तोच टिकतो.

नेपाळांत ओढा होता आणि गिरणीची जुनी रीत होती. सपाटीवरच्या खेड्यांत ओढा नसतो. तेथें गुरें असतात. अशा एका खेड्याची गोष्ट कर्नाटकांतील आहे. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्राध्यापक अमूल्यकुमार रेड्डी यांनीं १९७४ सालीं ग्रामीण भागासाठीं विज्ञान राबविणारें एक केंद्र स्थापिलें. त्याचें नांव 'अस्त्र'. तुमकूर जिल्ह्यांतील पुरा या खेड्यांत या मंडळींनीं गांवकीचें शेण-वायूचें संयंत्र उभारलें. हेतु असा कीं, घरोघर स्वयंपाकाला वायु मिळावा. संयंत्र चाललें, पण सर्वांचा स्वयंपाक होण्याइतका वायु त्यांतून निघेना. आणि काटक्याकुटक्या फुकट वेंचून आणणाऱ्या लोकांनाही त्याचें विशेष अगत्य वाटेना. तेव्हां गांवाला पुनः विचारण्यांत आलें, तुम्हांला अगोदर काय पाहिजे? उत्तर आलें, पिण्याचें चांगलें पाणी.

दुसरा एखादा पंडित म्हणाला असता, "अडाणी लोक, त्यांना आपलें हित कळत नाहीं." रेड्डींनीं तसें केलें नाहीं. १९८७ सालीं त्याच वायूवर एक लहान इंजिन व जनित्र बसविण्यांत आलें. त्या विजेनें कूपनलिकेचें पाणी वर चढूं लागलें, तें नळानें गांवांत आलें, आणि घरांत दिवेही लागले. शेण आणणाऱ्यास वजनाप्रमाणें मोबदला मिळे, आणि वायु निघून गेल्यावर उरलेलें खत परत मिळे. संयंत्र चालविण्याचें काम गांवचेच दोन तरुण करीत. शेण तेंच, विज्ञान तेंच, गांवही तेंच. बदलला तो केवळ प्रश्न विचारण्याचा क्रम. आधीं सांगून मग विचारण्याऐवजीं, आधीं विचारून मग सांगितलें.

विचारून सांगणें ही झाली सल्लागाराची पहिली पायरी. दुसरी पायरी शिकविण्याची, आणि ती अधिक उंच आहे. राजस्थानांत अजमेर जिल्ह्यांत तिलोनिया येथें बंकर रॉय यांनीं १९७२ सालीं स्थापिलेली एक संस्था आहे. तिला बेअरफूट कॉलेज या नांवानें जग ओळखतें. आफ्रिकेंतील व इतर अनेक देशांतील खेड्यांतून प्रौढ स्त्रिया, कित्येक तर नातवंडें असलेल्या आजीबाई, येथें सहा महिने राहून सूर्याच्या विजेचे दिवे जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिकल्या आहेत. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नसे, आणि एकीची भाषा दुसरीला येत नसे. मग तारांच्या व सुट्या भागांच्या रंगांवरून, हातांच्या खुणांनीं, पुनःपुनः करून दाखवून शिक्षण चाले. आजीबाईच कां, असें विचारल्यास ते लोक उत्तर देत कीं, तरुण मनुष्य दाखला हातीं पडतांच शहराची वाट धरतो. आजी आपल्या गांवीं परत जाते. पाठीमागें गांवची समिति दरमहाची वर्गणी ठरविते. पूर्वीं रॉकेल व मेणबत्त्या यांवर जो खर्च होत असे, त्याच्या बेतानें ती ठरते. श्रोतेहो, मी चाळीस मुलांच्या वर्गाला शिकविलें आहे. तें करतांना फळा व पुस्तक हातीं असूनही माझी तारांबळ उडत असे. म्हणून तिलोनियाच्या शिक्षकांपुढें मी मनोभावें हात जोडतों.

आतां चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यांत धरनई नांवाचें गांव आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तें विजेवांचून होतें. २०१४ च्या जुलै महिन्यांत तेथें १०० किलोवॅटचें सूर्यशक्तीचें केंद्र सुरू झालें. गांवाच्या रस्त्यांवर, घरांत, दुकानांत दिवे लागले. वर्तमानपत्रांत कौतुक झालें. तथापि पुढाऱ्यांची स्वारी गांवीं आली तेव्हां लोकांनीं "असली बिजली" मागितली, म्हणजे सरकारी तारेची वीज. लवकरच तीही आली. ती स्वस्त होती, आणि तिच्यावर हवें तें उपकरण चालत होतें. सूर्याची वीज महाग होती, आणि तिच्यावर जड उपकरणें लावूं नका, असें बंधन होतें. बॅटऱ्या कालांतरानें झिजल्या. त्या बदलण्याइतका पैसा गोळा होईना. कांहीं वर्षांत केंद्र बंद पडलें, आणि २०२१ पर्यंत त्याच्या आवारांत गुरें बांधलेलीं दिसूं लागलीं.

तेथील सल्लागारांना विद्या कमी होती असें कोणी म्हणणार नाहीं, आणि त्यांच्या हेतूविषयीं तर शंकाच नको. परंतु बॅटरी थकल्यावर ती कोणाच्या पैशानें आणावयाची, आणि उद्यां स्वस्त वीज दाराशीं आली तर आपल्या विजेचें काय होणार, या दोन प्रश्नांचीं टिकाऊ उत्तरें तेथें तयार नव्हतीं. उद्घाटनाच्या दिवशीं कोणताही दिवा पेटतो. त्याची परीक्षा पांचव्या वर्षाच्या पावसाळ्यांत होते, जेव्हां छायाचित्र घेणारा कोणी नसतो. आणि या परीक्षेंत नापास होण्याची शिक्षा सल्लागाराला होत नाहीं. तो दुसऱ्या कामास लागतो. शिक्षा होते ती त्या गांवाला. एकदां विझलेल्या दिव्यानें फसलेला मनुष्य पुढें चांगला दिवा घेऊन येणाऱ्यालाही दारांतून परत पाठवितो. गरिबाचा पैसा बुडाला तर तो कष्टानें पुनः मिळवितां येतो. त्याचा विश्वास बुडाला तर तो कोणत्या बँकेंतून आणावयाचा?

२०१८ च्या एप्रिलांत भारतांतील प्रत्येक गांवीं विजेची तार पोंचल्याची घोषणा झाली. म्हणून या संस्थांचें काम संपलें, असें मात्र नव्हे. गांवीं तार आली म्हणजे प्रत्येक झोंपडींत दिवा आला असें होत नाहीं. आणि दिवा आला तरी शिवणयंत्र, पिठाची चक्की, दवाखान्यांतील लसीचें शीतकपाट यांना लागणारी भरवशाची वीज हा वेगळाच प्रश्न आहे. अर्थात् सल्लागारानें जुनी वही बंद करून गांवाला पुनः नव्यानें विचारणें प्राप्त आहे. रोग्याची नाडी एकदांच पाहून वर्षभर तेंच औषध देणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाहीं.

आतां यांत तुमचा आमचा संबंध कोठें येतो? दोन ठिकाणीं येतो. आपल्यापैकीं पुष्कळ जण अशा संस्थांना देणगी देतात. देणगी देण्यापूर्वीं, किती दिवे लावले एवढेंच विचारून थांबूं नका. पांच वर्षांपूर्वीं लावलेल्यांपैकीं किती आज जळतात, दुरुस्तीचा पैसा कोण जमवितो, बिघाड झाला तर गांवांतला कोणता मनुष्य धांवून येतो, हेंही विचारा. आणि शेवटीं असें विचारा कीं, तुमच्या सल्लागार मंडळांत ज्याच्या घरीं हा दिवा आहे असा एक तरी मनुष्य बसतो काय? ज्याचें जळतें त्याला कळतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. दिव्याच्या बाबतींत तर ती अक्षरशः खरी आहे.

दुसरें, आपल्यांत निवृत्त अभियंते, हिशेबनीस, बँकेंतले अधिकारी आहेत. त्यांच्या अनुभवाची अशा संस्थांना फार गरज असते. त्यांनीं अवश्य पुढें यावें. मात्र जातांना आपली पदवी आणि आपली घाई घरीं ठेवून जावें. पहिल्या भेटींत बोलणें थोडें आणि ऐकणें पुष्कळ असावें. देणगीदाराला आवडेल पण गांवाला झेपणार नाहीं अशी योजना समोर आली, तर "नको" म्हणण्याचें धैर्य असावें. कारण तें धैर्य पगारी नोकराला परवडत नाहीं, विनावेतन सल्लागाराला परवडतें. आणि ज्या दिवशीं गांवचा मनुष्य म्हणेल, "आतां तुम्ही आलां नाहीं तरी चालेल," त्या दिवशीं राग न मानतां पेढे वाटावे. शिक्षकाला विद्यार्थी पुढें गेल्याचा जो आनंद असतो, तोच हा आनंद आहे.