संघ नसलेल्या संघाचा प्रशिक्षक



एखाद्या विद्यापीठाजवळ खेळाडू नाहीत, सरावाचे मैदान नाही, गणवेश नाहीत, सामन्यांचे वेळापत्रकही नाही. आणि तरीही त्या विद्यापीठाने आपल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक नेमला आहे, असे ऐकले तर आपल्याला नवल वाटेल. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी गेल्या तीस वर्षांत नेमके असेच केले आहे. अशी नेमणूक का व कशी होते, तीमधून काय साधते आणि काय हातचे निसटते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय खेळाचा असला, तरी नवी संस्था उभारताना पहिला माणूस कसा निवडावा हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आणि तो प्रश्न आपल्यापैकी कोणालाही परका नाही.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. येथे ज्या फुटबॉलविषयी मी बोलणार आहे, तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळवला जातो, फेकला जातो आणि क्वचित पायाने मारला जातो. मैदानावर एका वेळी प्रत्येक पक्षाचे अकराच खेळाडू असतात. परंतु आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, चेंडू पायाने मारण्याच्या प्रसंगी उतरणारे पुन्हा वेगळे. शिवाय अंगाला अंग भिडणारा हा खेळ असल्याने दुखापती नेहमीच्या. म्हणून विद्यापीठाचा संघ सुमारे शंभर तरुणांचा असतो आणि त्यांना शिकवण्यासाठी मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली साहाय्यकांचे एक मोठे पथक लागते. अशा संघाला संघ म्हणण्यापेक्षा एखादे छोटे वसतिगृह किंवा शाळाच म्हणणे अधिक योग्य ठरेल.

एवढा व्याप विद्यापीठे का पत्करतात? ज्या विद्यापीठांची उदाहरणे मी देणार आहे, ती बहुतेक मोठ्या शहरांतील, तुलनेने नवी आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांची अशी होती. सकाळी यावे, तास आटोपावेत आणि घरी परतावे, असा तेथील विद्यार्थ्यांचा दिनक्रम होता. अमेरिकेत विद्यापीठाविषयीची आपुलकी पुष्कळदा फुटबॉलच्या मैदानावर जन्म घेते. माजी विद्यार्थी तेथे पुन्हा भेटतात, देणग्यांची बोलणी तेथे होतात, गावाला आपले विद्यापीठ तेथे दिसते. संघ काढला म्हणजे हे सारे आपल्याकडेही होईल, अशी या विद्यापीठांची आशा होती.

या आशेची किंमत मात्र प्रामुख्याने विद्यार्थ्यांनीच मोजली. सॅन अँटोनिओ येथील टेक्सास विद्यापीठाचे उदाहरण घ्या. २००७ साली तेथील विद्यार्थ्यांनी मतदान करून क्रीडाशुल्कातील वाढीला संमती दिली. या विद्यापीठाचा पहिला सामना झाला सप्टेंबर २०११ मध्ये. म्हणजे २००७ साली प्रथम वर्षात असलेला आणि चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा एकही सामना विद्यार्थी म्हणून पाहू शकला नाही. त्याने शुल्क भरले ते मागून येणाऱ्यांसाठी. प्रशिक्षकाची निवड करणाऱ्यांच्या हाती खऱ्या अर्थाने काय सोपवलेले असते, हे या एका हिशेबावरून ध्यानात यावे.

आता प्रशिक्षकाच्या कामाकडे वळू. नव्या संघाचा प्रशिक्षक पहिल्या सामन्याच्या साधारण दोन वर्षे आधी नेमला जातो. या दोन वर्षांत त्याला एकही सामना जिंकायचा नसतो, हे त्याच्या पदाचे वैशिष्ट्य होय. प्रथम तो साहाय्यक निवडतो. मग तो गावोगावच्या शाळांतून हिंडतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांसमोर बसतो आणि जो संघ अस्तित्वात नाही, त्यात आपला मुलगा पाठवा असे त्यांना पटवतो. प्रस्थापित विद्यापीठाचा प्रशिक्षक भरलेले प्रेक्षागार आणि जिंकलेली पदके दाखवू शकतो. याच्याजवळ दाखवण्यासारखे केवळ स्वतःचे शब्द असतात. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाची आरंभीची कचेरी तर चाकांवरच्या तात्पुरत्या खोल्यांत होती.

त्यानंतर येते सामन्याविना सरावाचे वर्ष. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडानियमांनुसार खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळण्याची मुभा असे. याचा लाभ घेऊन नवी विद्यापीठे मुलांची पहिली तुकडी एक वर्ष नुसती सरावात ठेवत. पहाटे उठावे, अंग मोडेपर्यंत मेहनत करावी, आणि शनिवारी सामना मात्र नाही! अशा मुलांचा उत्साह वर्षभर टिकवणे हे काम डावपेच रचण्याहून कठीण. आपल्याकडील तालमीच्या वस्तादाला हे सांगावे लागणार नाही. कुस्तीचे मैदान दूर असताना पोरांना रोज आखाड्यात उतरवण्यातच त्याचे कसब असते.

या कामासाठी माणूस कसा निवडला गेला, याची चार उदाहरणे पाहू.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठाने डिसेंबर १९९५ मध्ये जिम लेव्हिट यांना नेमले. ते त्याच परिसरातील सेंट पीटर्सबर्गमध्ये वाढलेले, कॅन्सस स्टेट विद्यापीठात बचावपक्षाची धुरा सांभाळणाऱ्यांपैकी एक. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव मात्र त्यांना नव्हता. सप्टेंबर १९९७ मधील पहिला सामना त्यांच्या संघाने ८०–३ असा जिंकला. आणि २००७ च्या हंगामात, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, हा संघ राष्ट्रीय क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला.

व्हर्जिनियातील नॉरफोक येथील ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने फेब्रुवारी २००७ मध्ये बॉबी वाइल्डर यांची निवड केली. मेन विद्यापीठात ते स्वतः खेळले होते आणि तेथेच दीर्घकाळ साहाय्यक राहिले होते. त्यांच्या नावाला वलय नव्हते, आणि तेही पूर्वी कोठे मुख्य प्रशिक्षक नव्हते. २००९ च्या पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने अकरांपैकी नऊ सामने जिंकले, आणि जुने फोरमन फील्ड प्रेक्षकांनी भरू लागले.

अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा मार्ग वेगळा होता. संघ काढण्याबाबत सल्ला देण्यासाठी त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमधील नामांकित प्रशिक्षक डॅन रीव्ह्ज यांना बोलावले, आणि जून २००८ मध्ये बिल करी यांना नेमले. करी त्याच परिसराचे सुपुत्र. खेळाडू म्हणून मोठी कारकीर्द गाजवलेले, जॉर्जिया टेक, अलाबामा व केंटकी अशा तीन विद्यापीठांचे माजी मुख्य प्रशिक्षक. परंतु १९९६ नंतर त्यांनी कोठे प्रशिक्षण दिले नव्हते. २०१० च्या पहिल्या हंगामात सहा विजय मिळाले, २०११ मध्ये तीन, २०१२ मध्ये एक; आणि त्या हंगामाअखेर ते निवृत्त झाले.

चौथे उदाहरण पुन्हा सॅन अँटोनिओचे. तेथील क्रीडासंचालक लिन हिकी यांनी मार्च २००९ मध्ये लॅरी कोकर यांना आणले. कोकर यांनी २००१ साली मायामी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते, आणि २००६ च्या हंगामाअखेर त्याच विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले होते. सॅन अँटोनिओच्या पहिल्या सामन्याला ५६,७४३ प्रेक्षक लोटले. नव्या संघाच्या पहिल्या सामन्यासाठी तो उच्चांक होता. दुसऱ्या हंगामात आठ विजय मिळाले. पुढे ओहोटी लागली आणि जानेवारी २०१६ मध्ये कोकर यांनी राजीनामा दिला.

या चार कथांमधून ‘प्रसिद्ध माणूस नको, होतकरू साहाय्यक घ्या’ असे सूत्र काढण्याचा मोह होईल. ते सूत्र फसवे आहे. प्रसिद्ध नावाचाही उपयोग असतो. ज्या शहरात विद्यापीठाच्या संघाविषयी कोणास काही ठाऊक नाही, तेथे राष्ट्रीय विजेत्याचे नाव वृत्तपत्रांत जागा मिळवते, देणगीदारांची दारे उघडते आणि शंका घेणाऱ्या पालकांना धीर देते. छप्पन्न हजार माणसे त्या दिवशी आली, त्यात त्या नावाचाही वाटा असणार. होतकरू साहाय्यकाजवळ हे नाव नसते. त्याऐवजी त्याच्याजवळ पायपीट करण्याची ताकद असते आणि आपल्या पुढील दहा वर्षांचे भवितव्य तो या कामाशी बांधून घेतो. प्रश्न कोण मोठा हा नसून, विद्यापीठाला पहिल्या दोन वर्षांत कशाची उणीव भासणार आहे, हा आहे. गावात ओळख हवी असेल तर एक माणूस. मुले हवी असतील तर कदाचित दुसरा. निवड समितीने उमेदवारांना बोलावण्यापूर्वी याचे उत्तर स्वतःस दिले पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत विद्यापीठीय फुटबॉलच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर त्या काळी जास्तीत जास्त ६३ शिष्यवृत्त्यांना परवानगी होती, वरच्या पायरीवर ८५. जॉर्जिया स्टेटने खालच्या पायरीसाठी संघ उभारण्यास आरंभ केला. परंतु केवळ दोन हंगाम झाले असता, २०१२ च्या वसंतात, वरच्या पायरीवर जाण्याचा निर्णय जाहीर झाला. म्हणजे प्रशिक्षक नेमला एका कामासाठी आणि काम बदलले मध्येच. करी यांच्यानंतर आलेल्या प्रशिक्षकाच्या काळात, २०१३ मध्ये, त्या संघाने बाराही सामने गमावले. अशा वेळी दोष एका माणसाच्या माथी मारणे सोपे असते. परंतु अर्धवट वाढलेल्या रोपावर फळांचा भार कोणी टाकला, हेही विचारले गेले पाहिजे.

मुलाखतीत सामान्यतः डावपेचांविषयी, जिंकलेल्या सामन्यांविषयी विचारले जाते. माझ्या मते नव्या संघाच्या बाबतीत अन्य प्रश्न अधिक मोलाचे आहेत. साहाय्यक म्हणून आपण कोणास आणाल, आणि ते यायला तयार आहेत काय? खेळ न जमलेल्या मुलाच्या शिक्षणाचे काय कराल? १९७२ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभाव करता येत नाही; शंभर मुलांचा संघ आला की मुलींच्या खेळांसाठीही संधी व पैसा लागतो. तो वाटा आपण आनंदाने सोडाल की कुरकुरत? या प्रश्नांची उत्तरे ऐकताना माणूस समजतो.

आणि एका गोष्टीची चौकशी नेमणुकीबरोबर संपत नाही. दक्षिण फ्लोरिडात ज्यांनी शून्यातून संघ उभा केला, त्या लेव्हिट यांना जानेवारी २०१० मध्ये विद्यापीठाने पदमुक्त केले. एका सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी आपल्याच खेळाडूवर हात उचलला, असा विद्यापीठाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. लेव्हिट यांनी तो आरोप नाकारला, आणि पुढे उभयतांत आर्थिक तडजोड झाली. त्या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नाही. परंतु एवढे खरे की, जो माणूस संघाचा संस्थापक असतो, त्याच्यावर देखरेख ठेवणे संस्थेला हळूहळू अवघड होत जाते. संघ म्हणजे तोच, अशी सर्वांची भावना होते. म्हणून पहिल्या प्रशिक्षकाशी करार करताना त्याचे वेतन जितके काळजीपूर्वक लिहिले जाते, तितक्याच काळजीने खेळाडूने आपली तक्रार कोणाकडे न्यावी हेही लिहिले गेले पाहिजे.

अलीकडे परिस्थिती पालटली आहे. २०२१ पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे पुष्कळ सुलभ झाले. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ लागली आहेत. नवा संघ आता तयार खेळाडू आणून लवकर उभा करता येईल, असे काहींना वाटते. तसे होईलही. परंतु जे खेळाडू एका वर्षात येतात ते एका वर्षात जाऊही शकतात. त्यांनी थांबावे असे वातावरण निर्माण करणारा माणूस बाजारात मिळत नाही, तो शोधावाच लागतो.

वाइल्डर यांच्या संघाने सप्टेंबर २०१८ मध्ये व्हर्जिनिया टेक या राष्ट्रीय क्रमवारीतील संघाला ४९–३५ असे हरवले. पुढच्याच वर्षी त्यांना बारांपैकी एकच सामना जिंकता आला, आणि त्यांनी पद सोडले. या चौघांपैकी कोणाचाही शेवटचा हंगाम जल्लोषात सरला नाही. मात्र चारही विद्यापीठांचे संघ आज खेळत आहेत. पहिल्या प्रशिक्षकाचे मोल ठरवायचे ते त्याच्या शेवटच्या हंगामावरून नव्हे; त्याच्या पश्चात मैदानावर शंभर मुले उतरतात की नाही, त्यावरून. निवड करणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांसमोर तो दिवस ठेवावा, आणि तो दिवस न पाहताच शुल्क भरून गेलेल्या विद्यार्थ्याची आठवणही ठेवावी.