गुणपत्रिकेचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे सारे शिक्षण स्वयंपाकघरात, रेशनच्या रांगेत आणि भिशीची वही लिहिताना झाले. नर्सिंगच्या प्रवेशाला गुणांची सरासरी कशी काढतात, यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला हसूच आले. पण त्या म्हणाल्या, “तुम्ही ठेच खाल्ली आहे, म्हणून तुम्हीच सांगा.” पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण मला पटली आणि मी उभी राहिले.

आपल्या देवनारच्या पुष्कळ मुलींना परिचारिका व्हावेसे वाटते. गोवंडीचे शताब्दी रुग्णालय, सायन, केईएम येथे पांढऱ्या पोशाखातल्या सिस्टर त्या लहानपणापासून पाहतात. आमच्या थोरलीचेही तसेच होते. तिने बारावीला विज्ञान शाखा घेतली ती त्याचसाठी. २०२४ च्या मे महिन्यात निकाल लागला. तिचे गुण मला अजून तोंडपाठ आहेत: इंग्रजी ५२, मराठी ८१, भूगोल ८४, भौतिकशास्त्र ४०, रसायनशास्त्र ४३, जीवशास्त्र ४९. एकूण ६०० पैकी ३४९.

दहावीला सहा विषय असले तरी टक्केवारी उत्तम पाच विषयांची, म्हणजे ५०० पैकी काढतात, हे मला ठाऊक होते. तोच हिशेब मी बारावीला लावला. भौतिकशास्त्राचे ४० सोडून दिले, राहिले ३०९, म्हणजे ६१.८ टक्के! मी चाळभर पेढे वाटले. मग मुलगी म्हणाली, “आई, बारावीला सगळे सहा विषय धरतात.” तसे धरले तर ५८.१७ टक्के झाले. तेही काही वाईट नव्हते.

त्याच आठवड्यात प्रवेश मिळवून देणारे एक गृहस्थ घरी आले. गुणपत्रिका पाहून म्हणाले, “अठ्ठावन्न टक्के म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगची जागा पक्की समजा. पंचवीस हजार आगाऊ द्या.” आमचे हे विचारात पडले. मी मात्र दुसऱ्या दिवशी पाटल्या रुमालात बांधून गहाण ठेवावयास निघाले. जिन्यात शेजारच्या सिस्टर भेटल्या. त्या रात्रपाळी करून येत होत्या. त्यांनी रुमाल पाहिला आणि विचारले, “वहिनी, एकूण टक्के राहू द्या बाजूला. पीसीबीचे किती झाले?”

पीसीबी म्हणजे भौतिक, रसायन आणि जीव, ही तीन शास्त्रे. जिन्यातच बसून आम्ही बेरीज केली. ४०, ४३ आणि ४९ मिळून १३२. भागिले ३००, म्हणजे ४४ टक्के. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा, की या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के हवेत आणि इंग्रजीत वेगळे उत्तीर्ण व्हावयास हवे. ४५ टक्के म्हणजे ३०० पैकी १३५. मागासवर्गीयांना ४० टक्के, म्हणजे १२० गुण पुरतात. पण आम्ही खुल्या वर्गातले. तीन गुण कमी पडले! मुलीने प्रवेश परीक्षाही दिली होती. परंतु या उंबरठ्याच्या आत पाय नसेल तर त्या परीक्षेच्या गुणांचा काय उपयोग? गुणपडताळणीचा अर्ज केला, पण एकही गुण वाढला नाही.

भगिनींनो, गुणपत्रिका एकच, आणि तिच्यातून ६१.८, ५८.१७ व ४४ अशा तीन सरासऱ्या निघाल्या. तिन्हींचे गणित बरोबर होते. प्रश्न होता तो कोणते विषय मोजावयाचे आणि कितीने भागावयाचे याचा. मराठी आणि भूगोलाच्या गुणांनी आमचे डोळे दिपले, आणि ज्या तीन विषयांवर प्रवेश अवलंबून होता, त्यांकडे पाहावयाचे राहून गेले.

दुसरी चूक मुलीची होती. ती आधीच कळती तर ते तीन गुण कदाचित मिळाले असते. बारावीला जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. कॉलेजच्या सराव परीक्षेत तिला लेखीत २८, म्हणजे ४० टक्के मिळाले, आणि प्रात्यक्षिकात २७, म्हणजे ९० टक्के. तिने ४० आणि ९० यांची सरासरी ६५ काढली आणि निर्धास्त झाली. आता आपण बायकांनीच सांगावे. सात किलो तांदूळ ४० रुपयांचे आणि तीन किलो ९० रुपयांचे एकत्र केले, तर मिश्रणाचा भाव ६५ पडेल काय? २८० आणि २७० मिळून ५५० रुपये, दहा किलोंना भागले की ५५. तिचे खरे गुणही २८ अधिक २७, म्हणजे ५५ च होते. टक्क्यांची सरासरी काढू नये; गुणांची बेरीज करून एकूण गुणांनी भागावे. हे वाण्याच्या दुकानात आपल्याला कळते, मुलीच्या वहीत का कळू नये?

पुढे काय झाले तेही सांगते. पाटल्या परत डब्यात गेल्या. सिस्टरनी जी.एन.एम. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती दिली. तेथे बारावीची कोणतीही शाखा चालते. एकूण किमान ४० टक्के लागतात आणि इंग्रजीचे गुण वेगळे पाहतात. येथे मात्र आमचे ५८.१७ कामास आले. मुलीला प्रवेश मिळाला. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून तिला बी.एस्सी.ची पदवी घेता येईल. वाट लांबली, पण बंद झाली नाही. ती तीन गुणांची रुखरुख मला अजून आहे, हे मात्र लपवीत नाही.

पुण्याला १९०९ साली सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांनी तेथून बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले. त्या काळी अडचण होती ती घरच्यांच्या संमतीची. आज आपण संमती आनंदाने देतो, परंतु हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवितो.

म्हणून माझी विनंती आहे. मुलगी अकरावीत जाईल त्याच दिवशी तीन प्रश्न विचारा. ज्या अभ्यासक्रमाला जावयाचे त्याला कोणते विषय मोजतात? ते किती गुणांपैकी? आणि आपल्या वर्गासाठी किमान किती लागतात? उत्तर त्या वर्षीच्या छापील माहितीपत्रकातून घ्या, कोणाच्या तोंडून नको. १३४ गुण म्हणजे ४४.६७ टक्के, ते ४५ झाले असे मनाने धरू नका. आणि पैसे भरण्यापूर्वी ती संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही, हे पाहा.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिशीच्या वेळी मी वही-पेन्सिल घेऊन बसेन. ज्यांच्या मुली अकरावी-बारावीला आहेत, त्यांनी गुणपत्रिका घेऊन यावे. सातवीच्या गणितात हे सारे बसते, अधिक काही लागत नाही.