बसायचंच तर काम!
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘ट्रॅक्टरची सीट’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘सर, पत्रिकेवर जरा भारदस्त काही छापू या.’ म्हणून पत्रिकेवर ‘शेतीचे यांत्रिकीकरण आणि मानवी श्रम’ असे आले आहे. बोलणार मी सीटबद्दलच.

माझी उमेदीची वर्षे कृषी विद्यालयात पोरांना ट्रॅक्टर शिकवण्यात गेली. त्यातला एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटला. भाड्याने नांगरट आणि रोटर मारतो. वय छत्तीस, कमरेला पट्टा. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, काम काय करता? हा म्हणाला, ‘काही नाही, बसायचंच काम.’ त्याचे त्यालाच तसे वाटत होते. घरचेही तेच म्हणतात, मालकही तेच म्हणतो. औतामागे दिवसभर चालणाऱ्याचे कष्ट दिसतात. ट्रॅक्टरवाला काय, बसून तर असतो. ही समजूत चुकीची आहे, एवढेच आज मला सांगायचे आहे.

मोटारीला चाके आणि बॉडी यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. आपल्याकडच्या ट्रॅक्टरचा मागचा ॲक्सल मात्र सांगाड्याला घट्ट आवळलेला असतो. ढेकूळ लागो, दगड लागो, धक्का सरळ वर येतो. ते ढेकूळ आणि तुमचे माकडहाड यांच्यामध्ये दोनच गोष्टी आहेत: टायरातली हवा आणि सीटखालची स्प्रिंग. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारे उभे हादरे सर्वांत जास्त बाधतात, कारण त्या चालीवर धड स्वतःच झुलू लागते. झोका परत आला की नेमक्या वेळी ढकलावा आणि तो चढत जावा, तसेच हे. शेतातल्या ट्रॅक्टरचे हादरे याच पट्ट्याच्या आसपास घोटाळतात. शिवाय मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भोवतालचा द्रव आत-बाहेर झिरपतो त्यावर त्या जगतात. दिवसभर दाबून आणि हादरवून ठेवल्यावर त्यांनी कशावर जगावे?

यावर आपला गावठी उपाय म्हणजे सीटवर गोधडी नाहीतर दुहेरी फोम. गोधडीने बूड दुखत नाही, हे खरे. पण जाड फोमची गादी स्वतःच सेकंदाला चारच्या आसपास वेळा झुलते, म्हणजे जिथे कणा नाजूक तिथेच ती धक्का वाढवून देते. त्यात बसायची उंची वाढते, क्लच-ब्रेकपर्यंत पाय ताणावा लागतो आणि मांडीच्या मागची शीर दबते. मऊपणा वेगळा आणि हादरा मारणे वेगळे.

हादरा मारते ती स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉक ॲब्सॉर्बर. बऱ्याच सीटखाली चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग घट्ट-सैल करायचा एक खटका असतो. शोरूममधून ट्रॅक्टर आला त्या दिवशी तो जिथे होता तिथेच गंजून बसलेला मी किती वेळा पाहिला, याची गणती नाही. पंचावन्न किलोचा पोरगा नव्वद किलोवर लावलेल्या स्प्रिंगवर बसतो. ती दबतच नाही. नव्वद किलोचा गडी पंचावन्नवर बसला की ती पार तळाला टेकते आणि प्रत्येक खड्ड्यात खाडकन आपटते. बसल्यावर सीट तिच्या वर-खाली होण्याच्या मध्यावर आली पाहिजे. सीट हाताने दाबून सोडा. दोन-तीन वेळा नाचत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर गेला, बदला.

युरोपीय संघाने २००२ मध्ये अशा हादऱ्यांसाठी निर्देश काढला. आठ तासांच्या कामाला अंगभर हादऱ्याची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंदवर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ही हद्द ओलांडायची नाही. आकडे विसरलात तरी चालेल, त्यामागचे गणित लक्षात ठेवा. हादरा दुप्पट झाला तर तेवढाच त्रास चौथ्या हिश्शाच्या वेळात होतो. म्हणजे आठ तासांचा मार दोन तासांत. उलट हादरा निम्मा केलात तर चौपट वेळ बसता येते. एका गिअरने वेग कमी करणे हा आळस नव्हे, ते यामुळे. त्याला पैसाही लागत नाही.

टायरचेही तसेच. चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून आपण मागच्या टायरात पाणी भरतो. नांगरटीला ते ठीक, पण पाणी दबत नाही. जितके पाणी जास्त तितकी झेल घेणारी हवा कमी. नांगरट संपली, आता चार महिने ट्रॉलीच ओढायची आहे, तरी पाणी तसेच. मग ट्रॅक्टर दगडावर दगड आपटल्यासारखा चालतो.

आता नांगरटीकडे वळू. मराठीत नांगराच्या चराला तास म्हणतात आणि घड्याळातल्या साठ मिनिटांनाही तास. साध्या नांगराला उजवे चाक तासात, डावे वर. आणि चालक तासन्‌तास एका कुशीवर कललेला. पलटी नांगराने कल दर फेरीला बदलतो, तेवढीच सुटका. त्यात एक हात स्टिअरिंगवर, दुसरा लिफ्टच्या दांड्यावर आणि मान मागे. हादरा सरळ कण्यावर येणे वेगळे आणि पिळलेल्या कण्यावर येणे वेगळे. कपडा पिळताना त्यावर सोटा मारावा असा तो प्रकार. मागे पाहायचेच असेल तर मडगार्डला हात टेकून कमरेपासून वळा, नुसती मान मोडू नका. मोठा आरसा बसवा.

आवाजाबद्दल तरुणांना एक सांगतो, रागावू नका. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. बिनकेबिनचा ट्रॅक्टर जोर लावून चालला की चालकाच्या कानाशी आवाज सहज नव्वदीपुढे जातो. आणि त्या आवाजावर मात करायला आपण ऊस वाहताना त्याहून मोठा स्पीकर लावतो! कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांची किंमत अगदी किरकोळ आहे.

उन्हाचे थोडक्यात. पंखा रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनावरून मागे ढकलतो, म्हणजे मे महिन्यात उन्हाची झळ वरून आणि इंजिनाची समोरून. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. फेरी थांबेल म्हणून तहान मारू नये. डोक्याला ओले उपरणे चांगले, पण त्याची टोके आत खोचलेली हवीत. मागची अवजारे फिरवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. लोंबते टोक अडकले तर सोडवायला वेळ मिळत नाही.

आणि उतरताना उडी मारू नका. तासभर हादरल्यावर पाठीचे स्नायू थकलेले असतात, वेळेवर आवळत नाहीत. धरून, पाठमोरे उतरा, दोन-चार मिनिटे बांधावरून चाला, मगच पोते उचला. माझी स्वतःची कंबर गेली ती ट्रॅक्टरवर नव्हे. उतरल्या उतरल्या पलटी नांगराची पिन बसवायला वाकलो, तेव्हा गेली.

हे सगळे ठाऊक असूनही होत का नाही? कारण ट्रॅक्टर घेतो एक आणि बसतो दुसरा. घेणारा एचपी पाहतो, लिफ्ट किती किलो उचलते ते पाहतो, डिझेल विचारतो. मग हॉर्न, लाइटा, झालर, पुढे देवाचे नाव. फाटलेल्या सीटवर मात्र खताचे रिकामे पोते. टायर फाटला तर काम थांबते म्हणून टायर त्याच दिवशी येतो. ड्रायव्हरची पाठ गेली तर दुसरा ड्रायव्हर मिळतो.

समोर बरेच ट्रॅक्टरमालक बसले आहेत, म्हणून एकच विनंती करतो. उद्या सकाळी ड्रायव्हरला सुट्टी द्या आणि त्याच्याच सीटवर बसून एक एकर स्वतः नांगरा. खाली उतरलात की नव्या सीटची किंमत विचारायला दुकानात फोन करा.