उशिराची टोमॅटोची लागण



आज मी टोमॅटोविषयी चार शब्द बोलणार आहे. आपल्याकडे म्हातारी माणसे त्याला टंबाटी म्हणतात. नाव काही का असेना, वेळ चुकली की ते पीक फसवते. मी स्वतः फसलो आहे, म्हणून बोलतो.

आपल्या मावळात भात निघते कार्तिकात. मग वाल, हरभरा, मसूर. विहिरीला पाणी असले तर मनात येते, उन्हाळ्यात टोमॅटो करू, भाव चांगला मिळेल. मलाही तसेच वाटले. वहिनीने दोन शेळ्या विकून पैसे दिले. पण रान तयार करता करता होळी आली. एका ठिकाणी उरलेली रोपे स्वस्तात मिळाली. रोपे जुनी, लांबलचक, काड्यांसारखी झालेली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ही रोपं म्हातारी दिसतात." मी मास्तर! मी कुठे ऐकणार? दहा गुंठे लावून टाकले.

झाडे वाढली. चैत्र-वैशाखात पिवळी फुले लागली आणि सकाळी पाहावे तर खाली सडा. मी युरिया टाकला. पाला माजला, फळ मात्र धरेना. थोडी फळे धरली, ती पिकायला आली आणि पाऊस कोसळला. लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. फळे सडली. वहिनी एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागले.

असे का झाले? टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याला दिवसा ऊन चालते, पण रात्री गारवा लागतो. दिवसा पारा 35 अंशांच्या वर गेला आणि रात्रही उबेची असली, की फुलातला पराग निकामी होतो. मग फूल गळते. खत घालून ते थांबत नाही. लोणावळा घाटमाथ्यावर आहे, तिथे थोडे निभते. कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजूला ऊन अधिक.

आता बोटांवर हिशेब करा. लागणीपासून महिना-सव्वा महिन्यात फुले येतात. तोडा सुरू व्हायला अडीच महिने लागतात. होळीला लावले, तर फुले ऐन उन्हात आणि तोडा पावसात. संक्रांतीला लावले, तर फुले थंडी सरता सरता धरतात आणि माल मृगाच्या आत निघतो. म्हणून बी मार्गशीर्षात, संक्रांतीच्या महिनाभर आधी, वाफ्यावर टाका. वाफ्यावर बारीक जाळीचे कापड घाला, म्हणजे पांढरी माशी शिरत नाही. ही माशी बोकड्या रोग पसरवते. पाने आकसतात, झाड खुजे राहते. त्यावर औषध नाही. असे झाड दिसले की उपटून पुरून टाका, माया करू नका. रोप पंचवीस दिवसांचे, वीतभर उंच, जाड बुंध्याचे असावे.

आठ-पंधरा दिवस उशीर झालाच तर? तर थोडेच लावा. आधी पंधरा दिवस रानाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. दुपारच्या उन्हाला आणि वाऱ्याला तेवढा आडोसा होतो. लागण दिवस कलल्यावर करा. बुडाशी भाताचा पेंढा पसरा. पेंढ्याला मावळात काय तोटा! त्याने ओल टिकते आणि जमीन तापत नाही. पाणी सकाळी द्या, बेताचे, पण नेमाने. आठवडाभर कोरडे ठेवून मग तुडुंब भरले, तर फळे तडकतात, बुडाशी काळी पडतात. पाला ओरबाडू नका. पाल्याची सावली गेली की फळाला ऊन लागून पांढरा डाग पडतो. झाडे बांबूला सुतळीने बांधा.

भावाचे मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. 2023 च्या जुलैत शहरात किलोला शंभराच्या वर रुपये मोजावे लागले, आणि त्याच वर्षी पुढे भाव पडले. म्हणून सगळे रान एकाच पिकाला देऊ नये, असे माझे मत.

पुढच्या वर्षी आम्ही पाचच गुंठे केले, संक्रांतीला. मक्याच्या ओळी वहिनीनेच पेरल्या. रोपेही तिनेच निवडली, मी फक्त पाणी धरले. त्या पैशांतून एक शेळी पुन्हा दावणीला आली. दुसरी अजून यायची आहे.