पद्मिनी आणि पलंगाखालच्या पेट्या

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधीच्या मैत्रिणीने बोन्सायवर बोलताना पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली. माझा छंद पटांगणात वडाखाली उभा आहे आणि सकाळपासून त्याच्याखाली ऑइलचा एक डाग पडला आहे. शिपाईमामांची माफी मागितली आहे, खाली पुठ्ठाही सरकवला आहे.

आल्या आल्या तिघांनी विचारलं, “काय रे, डुक्कर फियाट का?” हे एकदा मिटवून टाकू. डुक्कर फियाट म्हणजे 1950च्या दशकातली, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी गाडी. माझी ती नव्हे. माझी प्रीमियर पद्मिनी, 1979 सालची, म्हणजे आपल्याच बॅचची. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. वडिलांनी ती 1986 साली जुनी म्हणून घेतली. नवीसाठी नंबर लावून वाट बघण्याइतका धीर त्यांच्याकडे नव्हता. आणि खरं सांगायचं तर पैसेही.

पुण्याहून इथे साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट लागतो. मे महिन्यात त्या चढावर पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मान टाकते. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं कठड्यावर बसायचं. वडिलांनी त्यासाठी आईच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी गाडीत कायम ठेवली होती. आजही तीच पट्टी आहे. येताना लागली नाही, हवा ढगाळ होती.

टेक्निकलचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही मला लोखंडाचा चौकोनी तुकडा काटकोनात घासायला दिला होता आणि तीनदा परत केला होतात. तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला काय म्हणालो ते सांगत नाही. पण डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासताना कानस सरळ कशी धरायची, हे त्या तुकड्यानेच शिकवलं. गाडी बंद पडली की निम्म्या वेळा दोष तिथेच असतो, पॉइंट काळे पडलेले नाहीतर कंडेन्सर गेलेला. दहा मिनिटांचं काम. हल्लीच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर मला फक्त पाणी कुठे भरायचं एवढंच कळतं.

आता मुख्य रोगाकडे येतो, म्हणजे साठेबाजीकडे. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. ज्याच्याकडे अशी गाडी असते त्याला भीती असते ती आज काय मोडेल याची नसते. उद्या मोडलेलं मिळेल का, याची असते. त्यामुळे दिसेल ते तो घेऊन ठेवतो. नाना पेठेतली दुकानं, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईला गेलो की कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउस, असा माझा फेरा असे. किंगपिनचे सेट, अ‍ॅक्सल शाफ्ट, व्हील सिलिंडर, वॉटर पंप, हेड गॅसकेट, मागच्या दिव्यांच्या लाल काचा. श्रीखंडाच्या डब्यात नट-बोल्ट. आमच्या पलंगाखाली चार पत्र्याच्या पेट्या आहेत आणि ही पाचवी आली तेव्हा आमची ही म्हणाली, “अहो, गाडी एक आहे ना? की मला न सांगता आणखी दोन ठेवल्यात?”

यात एक मजेशीर शिक्षा आहे. लोखंडाला ग्रीस लावून कागदात गुंडाळलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. रबर टिकत नाही. ब्रेकच्या सिलिंडरचे रबर कप मी एकदा डझनभर घेऊन ठेवले होते. आठ वर्षांनी डबा उघडला तर सगळे कडक झालेले, बोटाने दाबले की चिरा. न वापरताच म्हातारे झाले. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय, त्याने जुन्या पाइपांचं आणि पंपातल्या पडद्याचं रबर लवकर खराब होतं. तेव्हा रबर लागेल तेव्हाच ताजं घ्यायचं, धातू मिळेल तेव्हा घ्यायचा. एवढं शहाणपण यायला डझनभर कप गेले.

कागदपत्रांचंही थोडक्यात सांगतो, कारण दोघांनी विचारलंय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते. मोटारीची ही फी आधी 600 रुपये होती, एप्रिल 2022 मध्ये ती 5000 केली होती. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम आला, पण तशी नोंद केली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे खंबाटकी चढून मित्रांना भेटायला यायचं नाही. मला तसला मान नको.

आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो ते सांगतो.

आपल्या वर्गातला एक जण मुंबईत टॅक्सी चालवत होता. नाव घेत नाही, तो इथेच बसला आहे. त्याची पद्मिनी टॅक्सी 2001ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. तुम्ही पेपरात वाचलं असेल, लोकांनी फोटोबिटो काढले. आमच्यासारख्या हौशी लोकांना स्पेअर मिळत होते ते या टॅक्सीवाल्यांमुळे. माल त्यांच्यासाठी बनत होता, आम्ही त्यांच्या ताटातलं उचलत होतो.

2017 साली त्याच्या गाडीचं डिफरन्शियल रडायला लागलं. क्राउन-पिनियनचा सेट हवा होता. त्याने मला फोन केला, “तुझ्याकडे असेल बघ एखादा.” माझ्याकडे दोन होते. 2011 साली एक जुना दुकानदार दुकान आवरत होता, त्याच्याकडून घेतलेले, कोरे. आणि मी म्हणालो, “नाही रे, माझ्याकडे कुठला.”

का म्हणालो? माझी गाडी महिन्याला शंभर किलोमीटर धावते. त्याची एका दिवसात तेवढी धावत असेल. माझं डिफरन्शियल तेव्हा ठणठणीत होतं, आजही आहे. त्याची टॅक्सी सोळा दिवस उभी राहिली. शेवटी भंगारातल्या गाडीचा वापरलेला सेट त्याने बसवला.

2021मध्ये टॅक्सी मोडीत द्यायची वेळ आली. त्याआधी त्याने स्वतः बसून तिचे अ‍ॅक्सल, दारांच्या मुठी, कार्ब्युरेटर, काय काय काढलं आणि एसटीने पोतं घेऊन माझ्या घरी आला. “तुला लागेल,” म्हणाला. चहा प्याला, गेला. ते पोतं मी पलंगाखाली सरकवलं, आणि तेव्हाही बोललो नाही.

काल रात्री फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, त्या दिवशी आधी फोन वहिनींनी उचलला होता. त्या म्हणाल्या होत्या, दोन आहेत की पलंगाखाली, थांबा, ह्यांना देते.”

म्हणजे पोतं घेऊन आला तेव्हा त्याला माहीत होतं.

ते दोन्ही सेट आज डिकीत आणले आहेत. त्याला देऊन उपयोग नाही, गाडीच नाही. पण त्यानेच सांगितलं की इथे एका गॅरेजमध्ये एक पद्मिनी दोन महिने मागून जॅकवर चढवलेली आहे, याच पार्टसाठी. जेवण झालं की आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. गाडी तो चालवणार, असं ठरलंय.

फक्त एक विनंती आहे. उन्हात उभी राहिली की सेल्फ कधी कधी घेत नाही. चौघांनी ढकलायला थांबावं. सर, तुम्ही हात लावायचा नाही.